धागा: मुलांचा राग, धास्ती, हिरमोड... आणि नीना सिमोन, रोझा पार्क्स, रूबी ब्रिजेस, सिमोन बाइल्स

रानजाई

मुलांना थोरामोठ्यांच्या गोष्टी सांगताना आपण एक घोटाळा हमखास करतो. "त्यांच्यावर फार अन्याय झाला" इथून थेट "आणि त्या जगप्रसिद्ध झाल्या" इथे उडी मारतो. मधला भाग गायब! मुलाला नेमका तोच हवा असतो. राग आल्यावर तिने त्या पाच मिनिटांत, त्या रात्री, पुढच्या वर्षभरात केलं काय? अमेरिकेतल्या आणि आफ्रिकेतल्या काळ्या स्त्रियांची चरित्रं या कामाला फार उपयोगी पडतात, कारण त्यातल्या बऱ्याच जणींचा हा मधला भाग तपशिलात नोंदलेला आहे.

नमुन्याला अमेरिकन गायिका-पियानोवादक नीना सिमोन घेते. मूळ नाव युनिस वेमन, गाव ट्रायन, नॉर्थ कॅरोलिना. अकरा-बारा वर्षांची असताना तिचं पियानोवादन ठरलं. आईवडील पहिल्या रांगेत बसले होते. गोऱ्या प्रेक्षकांना जागा हवी म्हणून त्यांना उठवून मागे नेलं. युनिसने सांगितलं, आईबाबा पुढे येऊन बसले नाहीत तर मी वाजवणार नाही. ते पुढे आले, तिने वाजवलं.

एवढीच गोष्ट. सहा ते दहा वयाला तीन-चार मिनिटं पुरतात. "उठवून मागे नेलं" इथे थांबायचं. "तिला कसं वाटलं असेल?" असं विचारू नका, "वाईट" असं उत्तर येतं आणि विषय संपतो. "तिच्या अंगात कुठे काय झालं असेल?" असं विचारा. मग कान गरम, पोटात गोळा, हात थरथर असं काहीबाही निघतं. पुढचा प्रश्न: "त्या क्षणी तिला काय काय करता आलं असतं?" रडणं, पळून जाणं, पियानोवर हात आपटणं, मुकाट वाजवणं, मुलं जे सांगतील ते सगळं लिहून घ्या. एकाही उत्तराला "छे, असं नाही करायचं" म्हणू नका. शेवट त्यानंतर सांगा.

मग ए-फोर कागदाचे चार चौकोन: काय झालं, अंगात काय झालं, मध्ये काय केलं, पुढे काय झालं. तिसरा चौकोन मुद्दाम मोठा ठेवा, घडी मधोमध घालू नका. लहान मुलं चित्र काढतील, मोठी लिहितील.

पहिले दोन आठवडे कागदावर फक्त "ती". मुलाची स्वतःची भांडणं तिसऱ्या आठवड्यापासून. पहिल्याच दिवशी "आता तुझं सांग" म्हटलंत की त्याला कीर्तनाचा वास येतो आणि पुढच्या वेळी तो बसतच नाही.

खडीसाखर

विषय चांगला आहे, पण मुलं उपडी पडून लाथा झाडत असतात तेव्हा कसली नीना आणि कसलं काय? ☺

पाटीवाला

खडीसाखर, तेव्हा काहीच सांगायचं नाही. हे मोठ्या अक्षरांत लिहून फ्रीजवर लावण्यासारखं आहे. भडका उडालेला असताना गोष्ट, उपदेश, प्रश्न सगळं बंद. मूल त्या वेळी ऐकू शकत नाही, आणि रोझा-रूबीची नावं तेव्हा ओरडून घेतली तर ती नावं कायमची "ओरडा" या खात्यात जमा होतात.

भडक्याच्या वेळी करायचं ते एवढंच: फेकण्यासारख्या वस्तू बाजूला करा, स्वतः खाली बसा, आवाज खाली आणा, वाक्य लहान ठेवा. "राग आलाय. मी इथेच आहे." मूल ऐकण्याइतकं निवळलं की श्वास. चार आकड्यांत आत, सहा आकड्यांत बाहेर, पाच-सहा वेळा. बाहेर सोडण्याला जास्त वेळ द्यायचा. भरभर मोठे श्वास घेतले तर उलट चक्कर येते. लहानग्यांना गरम दुधावरची साय फुंकायला लावायची, मोजणं आपण मनात करायचं.

आणि तो "उशीवर गुद्दे मार" सल्ला कृपया बंद करा. २००२ च्या एका प्रयोगात ज्याच्यावर राग आहे त्याला डोळ्यांसमोर आणून बॉक्सिंगच्या पिशवीवर ठोसे मारणारे शेवटी सर्वांत जास्त चिडलेले निघाले, नुसते गप्प बसलेले कमी. तो प्रयोग मोठ्यांवरचा होता. पुढे २०२४ मध्ये दीडशेच्या वर अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हाही तेच दिसलं: शरीराची धग कमी करणाऱ्या गोष्टींनी राग उतरतो, धग वाढवणाऱ्यांनी नाही. आधी धग खाली आणायची, मग त्या रागाचं काय करायचं ते ठरवायचं. गोष्टी या दुसऱ्या टप्प्यासाठी आहेत.

वेळ कोणती? रात्री झोपताना नको. तेव्हा दिवसभराचं सगळं वर येतं आणि झोप उडते. शाळेतून आल्यावर खाणं झालं की अर्ध्या तासाने, किंवा रविवारी सकाळी.

तिरकस_बाण

सगळं ठीक, पण आपल्याकडे काय माणसांचा दुष्काळ पडलाय? सावित्रीबाई सोडून अमेरिकेतल्या बायका कशाला?

रानजाई

सावित्रीबाई सोडायच्या कुणी सांगितलं? शेण-चिखल अंगावर येणार हे माहीत असल्याने शाळेत बदलायला जास्तीचं लुगडं बरोबर नेण्याची गोष्ट म्हणजे "मध्ये काय केलं" या चौकोनाचा उत्तम नमुना आहे. मुलांना मी तर दोघींना शेजारीशेजारी ठेवून दाखवीन.

नातंही आजचं नाही. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या लोकांना. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून तिथल्या काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे नेलेल्या अर्जाची प्रत मागितली. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली तीही अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या ब्लॅक पँथर या संघटनेकडे बघून.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. काळ्या स्त्रीने राग दाखवला की "ही बाई मुळातच भांडखोर" असा शिक्का बसतो. २०१८ च्या यूएस ओपन अंतिम सामन्यात सेरेना विल्यम्स पंचांशी वाद घालताना चिडली. मेलबर्नच्या एका वर्तमानपत्राने तिचं असं व्यंगचित्र छापलं की जगभरातून वंशद्वेषाची टीका झाली. आपल्याकडे "मुलीच्या जातीला एवढा राग शोभत नाही" हे वाक्य अजून जिवंत आहे, आणि सावळ्या मुलीला त्यावर दोन शब्द जास्तीचे ऐकावे लागतात. दहा-बारा वर्षांच्या मुलीशी बोलताना सेरेनाचं उदाहरण दोन बाजूंनी वापरा: रॅकेट आपटली ते चुकलं का? आणि तेवढ्यावरून तिला जे म्हटलं गेलं ते बरोबर होतं का? दोन्हींची उत्तरं वेगवेगळी असू शकतात हे कळणं या वयात मोठं आहे.

तिरकस_बाण

बरं. बाण परत भात्यात.

मोडीलिपी

रोझा पार्क्सबद्दल. मुलांच्या पुस्तकांत ही गोष्ट फार बिघडवून ठेवली आहे: एक थकलेली शिवणकाम करणारी बाई, पाय दुखत होते म्हणून बसमधल्या जागेवरून उठली नाही. अशी सांगितली तर मुलाच्या हाती लागतं एवढंच, की सहन होईना म्हणून उठली नाही आणि जग बदललं.

खरं असं. १ डिसेंबर १९५५, माँटगोमेरी, अलाबामा. वय ४२. पायांचं दुखणं हे कारण नव्हतंच, हे त्यांनी स्वतः आत्मचरित्रात स्पष्ट केलंय. ३६ आसनांच्या बसमध्ये पुढची १० गोऱ्यांसाठी राखीव. रोझा त्यांच्या लगेच मागच्या रांगेत होत्या, म्हणजे गोऱ्यांच्या जागेवर बसल्याच नव्हत्या. एका गोऱ्या प्रवाशासाठी चालकाने ती आख्खी चार जणांची रांग उठवायला काढली. तिघे उठले, त्या उठल्या नाहीत. याच चालकाने १९४३ मध्ये त्यांना बसमधून उतरवलं होतं. त्याच वर्षी त्या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपीच्या स्थानिक शाखेच्या सचिव झाल्या. १९५५ च्या उन्हाळ्यात टेनेसीतल्या हायलँडर फोक स्कूलमध्ये त्यांनी प्रशिक्षणही घेतलं होतं. बारा वर्षांचा राग आणि बारा वर्षांची तयारी.

त्यांच्या आधी, २ मार्च १९५५ ला, १५ वर्षांची क्लॉडेट कॉल्व्हिन याच शहरात उठायला नकार देऊन अटकेत गेली होती. पुढे बसमधला भेदभाव ज्या खटल्याने रद्द झाला त्यात वादी म्हणून ती आहे, रोझा नाहीत. मोठ्या मुलांना हे जरूर सांगा. पहिल्या वेळी कुणी ऐकलं नाही म्हणजे वाया गेलं असं नसतं.

माझी सगळ्यांत आवडती व्यक्ती मात्र जो ॲन रॉबिन्सन. अलाबामा स्टेट कॉलेजात शिकवत. रोझांच्या अटकेची बातमी कळली त्या रात्री कॉलेजच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर हजारो पत्रकं काढली आणि सकाळी वाटायला सुरुवात. मजकूर थोडक्यात: सोमवारी बसमध्ये बसू नका. बहिष्कार चालला ३८१ दिवस. लोक चालत गेले, गाड्या वाटून घेतल्या.

यावरून मुलांसाठी "पत्रक" हा प्रकार करता येतो. वहीच्या अर्ध्या पानावर चारच ओळी: काय झालं. कुणाला त्रास झाला. काय बदलायला हवं. कुणी, कधीपर्यंत. ओळीला आठ-दहा शब्दांची मर्यादा. शिव्या चालतील, पण कच्च्या कागदावर. पक्क्या कागदावर फक्त घडलेलं आणि मागणी. "दादा दुष्ट आहे" पासून "दादाने न विचारता सायकल नेली. मला शिकवणीला उशीर झाला. नेताना विचारावं. आजपासून." इथपर्यंत यायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात निम्मा राग उतरलेला असतो.

यात बिघडतं कुठे? मोठी माणसं पत्रक वाचतात, "छान लिहिलंस हं" म्हणतात आणि काहीच करत नाहीत. मग पत्रक म्हणजे शाळेचा निबंध. उत्तर चोवीस तासांत द्या. नकार असला तर कारणासकट द्या.

खडीसाखर

पण हे उलटलं तर? रोझाची गोष्ट ऐकून "मीपण उठणार नाही, गृहपाठही करणार नाही, हा माझा बहिष्कार" असं आलं तर? मला तर हे येणार हे आत्ताच दिसतंय. :फिदी:

पाटीवाला

येणारच, आणि आलं तर गोष्ट कानापर्यंत पोचली असं समजा. चाळणी दोन प्रश्नांची: हे अन्यायाचं आहे की नुसतं नावडतं? आणि हा नियम फक्त तुलाच आहे की सगळ्यांना सारखा? गृहपाठ नावडता आहे आणि सगळ्यांना आहे. भावाला खेळायला सोडलं आणि भांडी फक्त बहिणीने घासायची, हे मात्र चाळणीतून पार होतं. अशा वेळी पालकांनी हार मानायची तयारी ठेवावी, नाहीतर हा उद्योग सुरूच करू नये.

शेवंती_०७

राग सोडून भीतीवर कुणी लिहिलं नाही. रूबी ब्रिजेस.

१४ नोव्हेंबर १९६०, न्यू ऑर्लीन्स, विल्यम फ्रांट्झ प्राथमिक शाळा. तोवर फक्त गोऱ्यांची असलेली शाळा, तिथे जाणारी पहिली काळी मुलगी, वय सहा, सोबत केंद्र सरकारचे चार मार्शल (पोलीस अधिकारी), बाहेर ओरडणारा जमाव. गोऱ्या पालकांनी मुलं काढून नेली. वर्षभर बार्बरा हेन्री या शिक्षिकेने तिला एकटीला वर्गात शिकवलं. मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट कोल्स तिला नियमित भेटायचे आणि चित्रं काढायला द्यायचे. तिच्या चित्रांत गोरी माणसं मोठी आणि धडधाकट असायची, स्वतःसारखी माणसं लहान, कुठे हात तर कुठे बोटं गाळलेली. तोंडाने "मी ठीक आहे" म्हणणाऱ्या मुलीचं कागदावर असं उमटत होतं.

घरी करायचं तर: जाड कागद, तेलखडू, वीस मिनिटं. खडूंच्या पेटीत तपकिरीच्या तीन-चार छटा हव्यात. फिका गुलाबी म्हणजे "अंगाचा रंग" असं कुणी म्हणालं तर तिथल्या तिथे थांबवा. "भीती वाटते ती जागा काढ" एवढंच सांगायचं. काढून झाल्यावर "मला दाखव, इथे काय चाललंय?" विचारायचं आणि ऐकायचं. "हा मोठा माणूस म्हणजे बाबा का?" असले तर्क करू नका. कोल्स प्रशिक्षित होते, आपण नाही. एका चित्रावरून निदान करणं म्हणजे हात बघून भविष्य सांगणं.

मग दुसरा कागद: "त्या जागी तुझ्यासोबत कोण कोण चालेल?" रूबीसोबत मार्शल होते, हेन्रीबाई होत्या. मुलाच्या कागदावर आजी येते, वर्गातली मैत्रीण येते, रिक्षावाले काकाही येतात. ही यादी खऱ्या कामाची: त्यातल्या एकाला गाठून सोमवारी सकाळी प्रत्यक्ष मदत ठरवायची. "घाबरू नकोस, रूबी बघ कशी घाबरली नाही" हे वाक्य नको. सहा वर्षांच्या मुलीला चालताना चार मोठी माणसं लागली, हेच तर सांगायचंय.

सात वर्षांखाली: जमावातल्या बाईने शवपेटीत काळी बाहुली आणली होती हा भाग गाळा. विष घालण्याच्या धमकीचाही. तेवढंच डोक्यात राहतं आणि मूल डबा खाईनासं होतं.

जर्सीसिटीकर

इकडे अमेरिकेत शाळांमध्ये फेब्रुवारी हा कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना, त्यामुळे आपली मराठी मुलं ही नावं शाळेतूनच आणतात. एक गोष्ट तातडीने सांगायची आहे, तिकडच्या आणि इकडच्या दोघांनाही. वेशभूषा स्पर्धेत रोझा किंवा जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स करताना चेहऱ्याला काळा-तपकिरी रंग फासू नका, कुरळ्या केसांचा टोपही नको. काळ्या लोकांची टिंगल करायला गोरे नट तोंडाला रंग लावायचे, त्या नाटकांची ती आठवण आहे. ज्यांच्याबद्दल आदर दाखवायचा त्यांचाच अपमान होतो. रोझा करायची तर चष्मा, कोट, हातात पर्स, पुठ्ठ्याचं बसचं आसन. बेसी कोलमन करायची तर वैमानिकाची टोपी-गॉगल आणि फ्रेंच परवाना. अमेरिकेत कुणी शिकवेना म्हणून ती फ्रेंच शिकली, फ्रान्सला गेली आणि १९२१ मध्ये परवाना घेऊन आली. हिरमुसलेल्या मुलांसाठी ही गोष्ट उत्तम. "दार बंद आहे" नंतर "दुसरं दार कुठे आहे आणि त्याची भाषा कोणती" असा प्रश्न येतो.

आकडेमोड

जर्सीकरांच्या वेशभूषेवरून आठवलं. २०१७ चा एक प्रयोग आहे: चार आणि सहा वर्षांच्या मुलांना दहा मिनिटांचं कंटाळवाणं काम दिलं, शेजारी टॅबलेटवर खेळ. काहींना सांगितलं, तू बॅटमॅन (किंवा दुसरं एखादं आवडतं पात्र) आहेस, आणि स्वतःला विचार, "बॅटमॅन नीट काम करतोय का?" ही मुलं सर्वांत जास्त वेळ कामावर टिकली. "मी नीट काम करतोय का?" विचारणारी सर्वांत कमी. स्वतःकडे जरा बाहेरून बघता आलं की पकड सुटत नाही, असा अंदाज.

हा प्रयोग चिकाटीचा होता, रागाचा नव्हे, त्यामुळे जादू समजू नका. पण वापरायला सोपं आहे. कोडं सुटत नाही म्हणून कागद फाडायच्या बेतात असलेल्या मुलाला "शांत हो" ऐवजी "विल्मा आता काय करेल?" विल्मा रुडॉल्फ: लहानपणी पोलिओ, पायाला पट्ट्याचा आधार, घरचे पाळीपाळीने रोज पाय चोळायचे, आणि १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णं. प्रश्न भडक्याच्या आधी विचारायचा. कपाळाला आठी पडली की लगेच. भडका उडाल्यावर वर पाटीवालांनी लिहिलंय ते.

आणि पात्र मुलाने निवडावं. आपण लादलेली विल्मा म्हणजे दुधातली हळद.

मोडीलिपी

विल्माच्या गोष्टीने "आणखी जोर लाव" एवढंच शिकवू नका मात्र. तोल सांभाळायला सिमोन बाइल्स हवी.

टोकियो ऑलिंपिक, २७ जुलै २०२१, सांघिक अंतिम फेरी. व्हॉल्टवर (धावत येऊन हात टेकून उडी मारायचा प्रकार) अडीच गिरक्या घ्यायच्या होत्या, हवेत दीडच झाली. आपण हवेत कुठे आहोत हे शरीराला कळेनासं होतं, जिम्नॅस्ट त्याला "ट्विस्टीज" म्हणतात. असं असताना उडी मारली तर मानेवर पडायची शक्यता. ती थांबली. पुढच्या चार वैयक्तिक अंतिम फेऱ्याही सोडल्या. ३ ऑगस्टला बीमवर (अरुंद दांड्यावरचा प्रकार) परत आली, आणि उतरतानाची गिरकीची उडी बदलून बिनगिरकीची घेतली. कांस्य मिळालं. २०२४ ला पॅरिसमध्ये तीन सुवर्णं आणि एक रौप्य.

मुलांशी बोलायचं ते त्या बदललेल्या उडीबद्दल. सगळं सोडणं आणि सगळं करणं यांच्या मध्ये एक तिसरी गोष्ट असते. स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी पोटात गोळा आलेल्या मुलीला विचारा, "यातली गिरकी कोणती? ती काढून बाकीचं करता येईल का?" एकटीचं कडवं काढून समूहात गाणं, पाठांतराऐवजी चिठ्ठी हातात ठेवणं. बहुतेक वेळा गिरकी एकच असते.

पावसाळी

खूप दिवस धुमसणाऱ्या रागासाठी कोण? झाडं तोडली, मैदान गेलं, असल्या गोष्टींवर बारा-तेराची मुलं आतल्या आत जळतात.

रानजाई

वांगारी माथाई. केनिया. १९७७ मध्ये ग्रीन बेल्ट चळवळ सुरू केली. बायका रोपं वाढवायच्या आणि जगलेल्या रोपामागे थोडे पैसे मिळायचे. लावलेल्या नव्हे, जगलेल्या. १९८९ मध्ये नैरोबीच्या उहुरू पार्कमध्ये साठ मजली इमारत येणार होती. वांगारींनी पत्रांमागून पत्रं लिहिली, सरकारला आणि परदेशी गुंतवणूकदारांच्या देशांनाही. संसदेत त्यांची टिंगल झाली. पैसेवाले मागे हटले, इमारत झाली नाही. २००४ ला शांततेचं नोबेल.

या वयाला चार चौकोन बाळबोध वाटतात. त्यांना खरं पत्र लिहू द्या: वॉर्ड ऑफिसला, ग्रामपंचायतीला. एका पत्रात एकच मागणी, जागेचा नेमका पत्ता, तारखेसह फोटो, दोन प्रती, पोच घेतलेली प्रत घरी फाइलला. तीस दिवसांनी स्मरणपत्र, त्याची तारीख आजच कॅलेंडरवर. उत्तर येणार नाही ही शक्यता आधीच सांगून ठेवा, नाहीतर एका पत्राने सगळं बदलेल ही आशा मोडते आणि राग दुप्पट होऊन परत येतो.

याच वयाला नीना सिमोनचा उत्तरार्ध सांगता येतो. १९६३ मध्ये नागरी हक्कांचे कार्यकर्ते मेडगर एव्हर्स यांचा खून, मग बर्मिंगहॅमच्या चर्चमधल्या बॉम्बस्फोटात चार मुली गेल्या. नीना आधी घरातल्या सामानातून बंदूकच बनवायला बसली होती. नवऱ्याने म्हटलं, तुला मारामारीतलं काय कळतं, तुझ्याकडे संगीत आहे. तासाभरात तिने गाणं लिहिलं. हिंसेचा विचार मनात येणं म्हणजे आपण वाईट, असं समजून गप्प झालेल्या मुलांना हा प्रसंग बोलतं करतो. मात्र मोठ्या माणसाने सोबत बसून सांगावा.

पाटीवाला

इथेच एक जोडतो. स्वतःला इजा करणं, मरणाची भाषा, दोन-तीन आठवडे झोप किंवा जेवण बिघडलेलं, रोज कुणाला तरी मारणं, यातलं काही असेल तर चौकोन आणि पत्रकं बाजूला ठेवून बालमानसतज्ज्ञ गाठा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलतात.

शेवंती_०७

सोसायटीत किंवा वाचनालयात गटाने करायचं असेल तर आठ ते दहा मुलं, पंचेचाळीस मिनिटं, एका वेळी एकाच बाईची गोष्ट. दहा मिनिटं गोष्ट, पाच मिनिटं अंगात काय झालं, वीस मिनिटं कागद, उरलेली दहा ज्याला दाखवायचं त्याने दाखवायचं. दाखवण्याची सक्ती नाही, नंबर नाहीत, बक्षीस नाही. पालकांना खोलीत बसू देऊ नका, मुलं आईच्या तोंडाकडे बघून उत्तरं देतात. कागद मुलांनी घरी न्यायचे. आयोजकांनी फोटो काढून ग्रुपवर टाकायचे नाहीत.

खडीसाखर

पहिल्या रविवारी कोण घ्यावी? नीना की रूबी?

शेवंती_०७

नीना. प्रसंग छोटा आहे, रक्तपात नाही, आणि पियानो वाजवायला नकार देताना ती काय म्हणाली ते मुलांना म्हणून दाखवायला फार आवडतं. रूबी तिसऱ्या आठवड्यात.